रुद्रप्पानं सांगितलेली वाट

बसा असे जवळ. कंदील राहू द्या, फक्त वात जरा खाली करा. हे कुणा तिऱ्हाइताकडून ऐकलेलं नाही बरं का. रुद्रप्पा वाटाड्या सोलापुरात माझा शेजारी. पाच वर्षांमागं माझ्याच ओट्यावर बसून त्यानं हे सांगितलं. एकदाच. पुन्हा कधी विषय काढू दिला नाही.

सोलापूर ते तुळजापूर ही वाट रुद्रप्पाला तोंडपाठ. परगावचं माणूस डोंगर चढायला निघालं की आधी त्याला गाठायचं. हगलूरला कुठल्या विहिरीचं पाणी गोड, तामलवाडीच्या निजामी नाक्यावर गाठोडं सोडून दाखवताना कसं बोलायचं, माळुंब्र्याच्या पुढं सडक सोडून कुठली पाऊलवाट धरली की घाटाची वळणं वाचतात, सगळं त्याला विचारावं.

सन बत्तीसची येळ अमावस्या. गुरुवार होता. तुळजापुरात दिलेली त्याची लेक महादेवी बाळंतपणात अडली. बायको हेमावती आठ दिवस आधीच तिकडं गेलेली. सकाळी निरोप आला, डॉक्टरकडनं औषध घेऊन लगोलग या. तुळजापूरची मोटार निघून गेली होती, आणि शेतातल्या पूजेचा हा सण, त्यामुळं पेठेतल्या झाडून साऱ्या गाड्या शेतात. रुद्रप्पानं औषधाची बाटली उपरण्यात गुंडाळून छातीशी बांधली, कंदील घेतला आणि घराला कुलूप लावून पायीच निघाला.

डोंगराच्या पायथ्याशी पोचला तेव्हा रात्रीचा दहाचा सुमार. नेहमीची पाऊलवाट धरली. निम्म्या चढावर एक जुनी दगडी चौकी आहे. तिथं वारा असा सुटला की कंदील विझला. पेटवायला म्हणून तो आत शिरला. काडी ओढली. विझली. दुसरी ओढली. तीही विझली.

"पावणं, सोलापूरची वाट कंची?"

कोपऱ्यातनं आवाज आला. म्हाताऱ्या माणसाचा, लई दमलेला. रुद्रप्पा दचकला खरा, पण वाट विचारणारी माणसं त्याला रोजचीच. कोण म्हणून त्यानं आधी कानडीत विचारलं, मग मराठीत. आवाजानं पुन्हा वाटच विचारली. तेव्हा खाली उतरा, माळुंब्रा लागेल, तिथनं सडक धरा, असं सांगून तो वळला. दारातनं पाऊल बाहेर टाकलं...

पायाखाली पुन्हा चौकीचीच फरशी.

अंधारात उलटा फिरलो असेन, असं त्याला वाटलं. भिंत चाचपत गेला. दार सापडलं. बाहेर पडला. पुन्हा आतच. वारा थांबलेला. रातकिडे थांबलेले.

"मग फुडं?"

त्यानं मनात मल्लय्या देवाचं नाव घेतलं आणि तामलवाडी सांगितली. दार धरलं. आतच. हगलूर सांगितलं. आतच. सोलापुरातली तुळजापूर वेस. बाळीवेस. दर वेळी तोच आवाज, दर वेळी थोडा जवळनं. अंगरखा घामानं भिजला. छातीशी बाटली. तिकडं पोर कण्हत असेल, आणि इकडं...

शेवटी त्यानं विचारलं, "आवो, पर जायाचं कुणाच्या घरी?"

"घर ध्यानात न्हाय." आवाज आता कानाशी. "तुमी सांगाल त्ये."

रुद्रप्पाला उमगलं. घर सांगितल्याशिवाय सुटका नाही. मग कुणाचं सांगायचं? माझं घर त्याच्या ओठांवर आलं होतं. हे त्यानं मला तोंडावर सांगितलं, मान खाली घालून. पण माझ्या घरात लेकरं झोपलेली. त्या रात्री रिकामं असलेलं घर त्याला एकच ठाऊक होतं.

"मल्लिकार्जुनाच्या देवळामागं बोळ हाय," तो म्हणाला. "डाव्या हाताचं तिसरं दार."

...

अंगावर गार वारा आला. तो उघड्या चढावर उभा होता.

दिवस उगवायच्या आत पोचला. औषध पोटात गेलं आणि तासाभरात महादेवी सुटली. मुलगी झाली. नातीला मांडीवर घेऊन रुद्रप्पा हसला, पण रात्रीचं कुणापाशी बोलला नाही. बारसं आटोपलं. बायकोला लेकीपाशी ठेवून तो एकटा परतला, सडकेसडकेनं, दिवसाउजेडी.

दिवेलागणीला आमच्या बोळात शिरला तेव्हा मी ओट्यावरच होतो. त्या बारा-तेरा दिवसांत त्याच्या दाराशी कुणी फिरकलेलं मी पाहिलं नव्हतं. निघताना लावलेलं कुलूप जसंच्या तसं. त्यानं ते काढलं. दार ढकललं. आणि उंबऱ्याबाहेरच थांबला.

मी हाक मारली. मग दिवा घेऊन गेलो.

आत, भिंतीच्या कडेला, वहाणांचा एक जोड नीट काढून ठेवलेला. जुना, टाचेला झिजलेला, डोंगराच्या तांबड्या मातीनं माखलेला.

मी वाकून बोट लावलं.

माती ओली होती.