मिरचीला फुलं टिकेनात

घाटंजीच्या बाजारातून परतताना, भर दुपारी, रुपालीने सहज वावरात डोकावलं आणि ती धुऱ्यावरच, शेताच्या बांधावरच, थबकली. तिच्या मिरचीत, घोट्याभर पाण्यात, पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडून एक जण उभा होता… शेजारच्या वावरातला राजदीप. दहावीपर्यंत तिच्याच वर्गात होता. आता मोटारी दुरुस्त करायचा. सगळ्या गावाशी भडाभडा बोलायचा, फक्त तिच्यासमोर त्याची जीभ टाळूला चिकटायची.

“तू इथं काय करून राह्यला?”

त्याच्या हातातला पाइप निसटला. पाणी थेट तिच्या ओढणीवर.

“पाणी… देऊन राह्यलो.”

“माह्या मिरचीले? काहून?”

“दुपारच्याले मान टाकते ना ती… म्हटलं, तुले उन्हात यायचं काम नको.”

“कवापासून?”

“रोजच.” तो ओशाळून हसला. “म्हणजे, लाईन असली का.”

रुपालीला रडावं की ओरडावं कळेना. महिनाभर ती वेडी व्हायची तेवढी बाकी होती. झाडं पांढऱ्या फुलांनी लगडायची आणि सकाळी बघावं तर सगळा सडा जमिनीवर! फुलकिडे शोधून झाले, फवारणी झाली, उतरत्या उन्हाला जुन्या साड्यांचा आडोसा बांधून झाला. बाया म्हणाल्या, नजर लागली. आणि बाबांनी, मारोतरावांनी, सरळ मुदतच घातली होती: “चौदा एप्रिलच्या जयंतीपर्यंत मिरची धरली तर हे ओलिताचं वावर तुह्यं. नाई तर मी कपाशी लावतो.”

“अरे, सकाळी ठिबकनं पिते ती! दुपारी मान टाकणारच, सांजच्याले आपोआप उठते. लेकरू रडलं का पाज, रडलं का पाज… ओकणार नाई का ते? मुळं गुदमरतात, मंग फुलं टाकते.”

“म्हणूनच तर मी… थोडासाक युरिया—”

“युरिया?”

“मूठभर. ताकदीसाठी.”

“कितीदा?”

तो पाण्यात पाहू लागला.

रुपालीने कपाळावर हात मारला. तरीच जमीन सदा ओली दिसायची, ती ठिबकचीच समजत होती! तरीच पानांचा एवढा काळाभोर थाट! पोट तुडुंब भरलेलं झाड फळाची फिकीर कशाला करेल? तिला संताप आला होता, पण समोरचा चिखलाने माखलेला चेहरा इतका केविलवाणा की तो धड बाहेरही पडेना.

“उद्यापासून सकाळी यायचं. पाइप नाई, युरिया नाई. मुळाशी कुटार पसरायचं, भुशानं ओल टिकते, अन् बोटानं फांद्या हलवायच्या. आडोशानं वारा अडते, पराग जागचा हालत नाई.”

तो आला. रोज आला. कोवळ्या उन्हात दोघं शेजारशेजारच्या सऱ्यांतून टिचक्या मारत जायची.

“जोरात हलव ना! झाड हाय ते, पाहुणी नाई.”

“भेव वाटते. फूल पडलं का तू कशी पाह्यतं, माहीत हाय?”

“कशी?”

“हेडमास्तरावानी.”

ती हसली आणि आपण हसलो म्हणून स्वतःवरच चिडली. एकदा दोघांची बोटं एकाच फांदीवर आली… दोन्ही हात झटक्यात मागे. फूल मात्र जागच्या जागी राहिलं.

हळूहळू बाकीचीही राहू लागली. देठांच्या टोकाला बारीक हिरव्या मिरच्या लोंबू लागल्या.

जयंतीच्या आदल्या दिवशी मारोतराव आले. फांदी न् फांदी वाकवून पाहिली, एक मिरची कचकन चावली, डोळे पुसले. “वावर तुह्यं,” एवढंच म्हणाले आणि चालू लागले.

राजदीप धुऱ्यावर उभा होता.

“मिरची धरली. आता सकाळी… यायचं काम नाई म्हणजे.”

“नाई.”

“बरं.”

“बरं.”

तो हलला नाही. एकदा खाकरला. मग पुन्हा खाकरला. रुपालीचा धीर सुटला.

“राजदीप, तुले माह्यासंग लग्न करायचं हाय का?”

“आता?”

“नाई, पुढच्या हंगामात!”

“हाय!” तो घाईघाईने म्हणाला. “शाळेपासूनच हाय. पण तुह्या बाबाले कोन—”

“ते पाह्य, नाल्यापाशी पोचले. गाठ त्याइले. घरी गेले का झोपतात.”

तो धावत सुटला, नाकासमोर, सरळ मिरचीतून! मध्येच थांबून वळला.

“पण तू काहीच नाई बोलली… तुह्यं काय?”

“मी तुले कायले रोज सकाळी बोलावत होती मंग?” ती ओरडली. “फांद्या काय माह्या एकटीच्यानं हालत नव्हत्या?”

तो तिथंच, मिरचीच्या मधोमध, हसत सुटला.

“जाय आता! अन् धुऱ्यावरून जाय, धुऱ्यावरून!”