शेवटच्या माणसाच्या काठ्या

वाट चुकलेल्याला मृताने वाट दाखवावी, ही कल्पना लोककथांत इतकी सर्वदूर पसरलेली आहे की तिचे मूळ शोधण्याचा खटाटोप मी फार पूर्वीच सोडून दिला. दलदलीच्या मुलखात तो मृत कंदील धरतो, वाळवंटात दगडांचे ढीग रचतो, समुद्रकाठी धुक्यात घंटा वाजवतो. उंच बर्फाळ डोंगरांत, जिथे शहरातली माणसे वाटाड्यांच्या भरवशावर शिखरे चढायला जातात, तिथे त्याच्या हाती काठ्या येतात.

या काठ्या म्हणजे काय ते आधी सांगितले पाहिजे. कमरेइतक्या उंचीची बारीक काठी, टोकाला लाल चिंधी. चढताना दोराच्या एका लांबीवर एक, अशा त्या बर्फात रोवत जायचे. उतरताना धुके आले तर एकाने काठीपाशी उभे राहायचे आणि दुसऱ्याने दोर पुरेल तिथवर जाऊन पुढची काठी शोधायची. सर्वांत मागून उतरणारा माणूस त्या एकेक करून उपटून आणतो. बर्फ सरकते, नव्या भेगा पडतात, आणि मागे राहिलेली जुनी खूण पुढच्या मोसमात कोणाला तरी सरळ खड्ड्यात नेते. म्हणून हा नियम तिथे कोणी मोडत नाही.

कथेचे दोन पाठ सर्वत्र मिळतात. पहिल्यात मृताच्या काठ्या वाट चुकलेल्याला सुखरूप तंबूपर्यंत आणतात. दुसऱ्यात त्या त्याला कड्यावर नेतात. पहिला पाठ मला बहुधा हौशी गिर्यारोहकांनी सांगितला, दुसरा तिथे काम करणाऱ्या वाटाड्यांनी. असे का, हे मला बरेच दिवस कळले नव्हते. तिसरा पाठ मी एकदाच ऐकला, एकाच माणसाकडून, आणि तो त्याच्या स्वतःवरच गुदरलेला होता.

तो आता डोंगरावर जात नाही. मोहिमांचे सामान ठेवण्याच्या एका लांबट कोठीत तो दोर तपासायचे काम करतो. मी गेलो तेव्हा दुपार होती. स्टुलावर बसून तो एक दोर डाव्या हातातून उजव्या हातात सोडत होता. डोळे मिटलेले, दोष असेल तो बोटांना कळायचा. वीस वर्षे तो रांगेत सर्वांत मागे चालला, म्हणून सगळे त्याला शेपूट म्हणत. तोही त्याच नावाला ओ देई. रांगेच्या पुढे चालणाऱ्या मुख्य वाटाड्याला सारे उस्ताद म्हणत. या कथेत हे दोघे आहेत आणि एक बहीण आहे.

बहीण शाळेत शिकवायची. तिचा थोरला भाऊ दातांचा डॉक्टर. उस्ताद आणि शेपूट यांनी नेलेल्या सहा जणांच्या तुकडीत चार वर्षांपूर्वी तो होता. शिखराखालच्या खिंडीतून उतरताना धुके आले. पाच जण परतले, तो परतला नाही, सापडलाही नाही. अहवालात उस्तादने लिहिले की वाऱ्याने काठ्या उडाल्या आणि डॉक्टर खुणेची वाट सोडून भलतीकडे गेले. चार वर्षांनी बहीण आली ती शिखरासाठी नव्हे. तिला खिंडीपर्यंतच जायचे होते, आणि तेही त्याच दोन माणसांबरोबर.

शेवटच्या तळावर, तंबूत सूप पिताना, तिने आपला प्रश्न सरळ विचारला.

"काका, माझा दादा वाट सोडणारा माणूसच नव्हता. लहानपणी मला शाळेत पोचवायचा तो रस्त्याच्या एकाच कडेने. मी चिडवायची, अरे, तू काय रुळावरून चालतोस का? दाढीचं सामानसुद्धा यादी करून भरायचा. असा माणूस खूण सोडून जाईल?"

"वर गेलं की डोकं जागेवर राहत नाही, ताई," उस्ताद म्हणाला. "भल्याभल्यांचं फिरतं."

"त्याचं नाही फिरणार."

उत्तर शेपटाला ठाऊक होते. उस्तादलाही ठाऊक होते. दोघांनी सूप संपवले.

दुसऱ्या दिवशी उस्तादला खोकल्याने इतके धरले की त्याला बसवेना. "आज शेपटालाच पुढे घाला," तो हसत म्हणाला, "डोकं झोपलंय." मग हसण्याने खोकल्याची पुन्हा उबळ आली. शेपूट आणि बहीण असे दोघेच एका दोराला बांधून निघाले. हवा स्वच्छ होती. तंबूपासून खिंडीपर्यंत शेपटाने तीस काठ्या रोवल्या. खिंडीत ती दहा मिनिटे उभी राहिली. रडली नाही. शिखराकडे पाठ करून, खाली जिथे तंबू असायला हवा तिकडे एकटक पाहत राहिली.

"इथून तर सगळं दिसतं," एवढेच म्हणाली.

उतरताना नियमाप्रमाणे ती पुढे आणि तो मागे. ती काठी शोधायची, तो पोचला की उपटून पाठीवरच्या पिशवीत खोचायचा. बाराव्या काठीपाशी धुके आले. मला त्याने त्याचे केलेले वर्णन असे: "अंधारात निदान कुठेतरी काळं जास्त, कुठेतरी कमी असतं. तिथं सगळंच एकसारखं पांढरं. आपले पाय दिसत नाहीत. वर कुठं, खाली कुठं, ते पोटाला विचारावं लागतं." वास कसलाच नाही, फक्त स्वतःच्या श्वासाचा, ओल्या लोकरीतून परत येणारा. अठरा काठ्या मिळाल्या. एकोणिसावी मिळाली नाही.

दोर ताणून तिने डावीकडून उजवीकडे फेरी मारली. काही नाही. डाव्या हाताला कुठेतरी कडा होता. शेपटाने तिला जागच्या जागी थांबायला सांगितले. थांबून राहिले तर तासाभरात बोटे जाणार, रात्रीपर्यंत बाकीचे, हे त्याला माहीत होते. तेवढ्यात तिचा आवाज आला.

"काका… सापडली."

तो दोर गुंडाळत तिच्यापर्यंत गेला. काठी होती. तिची चिंधी लाल नव्हती; उन्हाने विटून वाळल्या पाकळीसारखी झाली होती. ती तांब्याच्या तारेचे दोन वेढे देऊन बांधलेली होती. तशी गाठ तो चार वर्षांपूर्वी मारायचा. त्या मोहिमेनंतर त्याने तार सोडली आणि चिकटपट्टी घेतली, कारण ती तार त्याला बघवेना. त्या बेचाळीस काठ्या त्याने खालच्या तळावर स्वतःच्या हाताने मोडून चुलीत घातल्या होत्या.

"काय झालं?" तिने विचारले.

"काही नाही… जुनी दिसते कुणाची तरी."

"पुढची दिसतेय. ती बघा."

दुसरा पाठ, कड्यावर नेणारा, त्याला पाठ होता. तळावरच्या गप्पांत तोच तो रंगवून सांगत असे. त्याने तिला मागे यायला सांगितले आणि स्वतः पुढे झाला. जायचेच असेल तर आधी आपण. काठ्यांना तिने हात लावू नये, असेही बजावले. एक, दोन, तीन. प्रत्येक काठी बरोबर दोराच्या एका लांबीवर. प्रत्येक चिंधीला दोन वेढे. बाराव्या काठीपलीकडे तंबूचा पिवळा डाग दिसला, आणि उस्तादचा खोकला ऐकू आला.

दुपारचे साडेतीन वाजले असावेत. तंबूच्या कापडातून दुधाळ उजेड आत येत होता, स्टोव्हवर बर्फ वितळत होते. बहिणीने बर्फात पकड घेणारे बुटांचे काटे सोडले, हातमोजे काढले आणि मग एकदम आठवल्यासारखी म्हणाली,

"काठ्या उपटायच्या राहिल्या की हो. शेवटच्या माणसाचं काम ना ते? शेवटची मी होते."

"शेवटची तू नव्हतीस," शेपूट म्हणाला.

ते त्याच्या तोंडून निसटले. वीस वर्षांत त्याने कुठल्याही पाहुण्या बाईला एकेरी हाक मारली नव्हती. तिने लगेच विचारले,

"मग कोण होतं?"

उस्तादने भांड्यातला चमचा खाली ठेवला. "थकलाय तो, ताई. बरळतोय. पाणी पी रे."

"मग कोण होतं, काका?"

शेपटाने मला सांगितले की तेव्हा बोलायचे त्याने ठरवले नव्हते. तोंड आपोआप उघडले. "त्या दिवशीही धुकंच होतं. खिंडीच्या खाली मी उभा होतो. माझ्यापुढून जाईल त्याच्या खांद्यावर हात ठेवून मोजत होतो. चेहरे कुठे दिसत होते? सगळ्यांच्या तोंडावर थंडीचे मुखवटे."

बाहेर, लांब वरच्या अंगाला, आवाज झाला. कर्र. घट्ट बर्फातून काठी ओढून काढताना होतो तसा, कोरडा.

तो थांबला. बाहेरही काही नाही.

"वारा आहे," उस्ताद म्हणाला.

तंबूचे कापड हलत नव्हते.

"सहा खांदे झाले," शेपूट पुढे म्हणाला. "मला वाटलं, आले सगळे. मी मागून निघालो." कर्र. "पण सहावा आपला नव्हताच. दुसऱ्या तुकडीतला, धुक्यात चुकून आमच्या रांगेत शिरलेला." कर्र. या वेळी अधिक जवळ.

उस्तादने स्टोव्ह बंद केला. खोकला दाबून तो हळू आवाजात म्हणाला, "बास कर. तुझं-माझं दोघांचंही काम जाईल. कागदावर सही आहे आपली."

"जाऊ दे, उस्ताद. खोट्या कागदावर सही केली मी." कर्र.

"अरे, ऐक तरी! बाहेर काय चाललंय ते ऐकतोयस का?"

शेपूट ऐकतच होता. तो गप्प झाला की बाहेरही सारे गप्प होत होते. एक वाक्य, एक काठी. अन्य पाठांत मृत वाट दाखवतो, अडवतो, बोलावतो. परंतु सांगणाऱ्याच्या कबुलीवर पाऊल टाकत तो जवळ येतो, हे मला दुसऱ्या कोणत्याही कथेत आढळलेले नाही. मी त्याला विचारले की तुम्हाला हे नक्की केव्हा समजले. त्याने दोर सोडणे थांबवले. "चौथ्या काठीला," तो म्हणाला.

तंबूत त्याने बहिणीला विचारले, "ताई, मी थांबलो तर तो तिथंच थांबेल. बोललो तर… येईल. तुम्ही सांगा."

तिचे ओठ पांढरे पडले होते. तिने दोन्ही हात मांडीवर एकमेकांत घट्ट धरले होते, वर्गात एखाद्या मुलाने चूक कबूल करण्याची वाट पाहावी तशी.

"चार वर्षं थांबलाय," ती म्हणाली. "बोला."

तो बोलला. तुझा भाऊ वर एका खडकाआड बुटाचे काटे बांधत असेल. कर्र. मी त्याची एकेक खूण काढत खाली आलो. कर्र. त्याने हाकही मारली असेल, पण माझ्या कानांवर दोन टोप्या होत्या. कर्र. तंबूत येऊन सगळ्यांनी मुखवटे काढले, तेव्हा सहावा चेहरा अनोळखी निघाला. कर्र. मी परत जायला उठलो, उस्तादने दार अडवलं, आणि खरं सांगायचं तर त्याने अडवलं म्हणून मला बरं वाटलं. कर्र. वारा नव्हता, वाऱ्याने काही उडालं नाही. कर्र. काठ्या मी जाळल्या. कर्र.

उस्ताद तोंडावर हात दाबून बसला होता. त्याचा खोकला पूर्ण थांबला होता, हे शेपटाला नंतर आठवले.

बाहेर एकच काठी उरली होती, तंबूपासून एका दोराच्या अंतरावरची. शेपूट पुढे काही बोलेना. सांगण्यासारखे सारे सांगून झाले होते, असे त्याला वाटले. पांढऱ्या उजेडात तिघे बसून राहिले. 

"काका," बहीण अगदी हळू म्हणाली. "त्याने वाट सोडली नाही, हे राहिलं."



"तुझ्या दादाने वाट सोडली नाही," शेपूट म्हणाला. "वाट मी काढून घेतली."

कर्र.

मग बर्फावर पावले. एका लयीत, न अडखळता, सरळ रेषेत. ती दारापाशी थांबली. पाठीवरचे ओझे उतरवावे तसा काठ्यांचा खडखडाट झाला. तंबूच्या दाराची चेन बाहेरून, खालून वर, सावकाश उघडू लागली.

उस्ताद मागे मागे सरकत कापडाला टेकला. शेपटाने डोळे मिटून घेतले. पुढचे त्याने फक्त ऐकले. बहिणीने आपली झोपायची पिशवी गुंडाळून कडेला केली आणि सरकून आपल्या शेजारी जागा केली.