वहिनीचं रक्त खरं बोललं होतं

“गाठ लहान आहे, काढता येईल. पण हेच दिवाळीआधी कळलं असतं तर...” डॉक्टर वहिनीच्या यकृताबद्दल सांगत होते; त्यांचं वाक्य पुरं होण्याआधीच यामिनी खोलीबाहेर निघून आली. दिवाळीआधी कळलं होतं! तिला एकटीला कळलं होतं!

आई गेल्यावर भावनावहिनीनं नालवाडीच्या त्या घरात यामिनीला नणंद म्हणून नव्हे, लेक म्हणून वाढवलं, स्वतःचं बी.एड. अर्ध्यावर सोडून तिला शिकवलं. त्याच शिक्षणाच्या बळावर यामिनी एक यंत्र घडवत होती... थेंबभर रक्तावरून यकृताचा कर्करोग सुरुवातीलाच ओळखणारं, पिशवीत घालून खेडोपाडी नेता येईल असं! निरोगी माणसाचं रक्त हवं म्हटलं की वहिनी हौसेनं बोट पुढे करायची. दिवाळीआधी एक दिवस मात्र यंत्राच्या पट्टीवर कर्करोगाची खूण असलेली लाल रेघ उमटली. कधी दारूला न शिवलेली, दिवसभर राबणारी वहिनी... तिला कसला हा आजार? शिवाय यंत्र पाहायला तपासणी समिती दुसऱ्याच दिवशी यायची होती. “मशीनच चुकलं!” एवढंच वहिनीला सांगून यामिनीनं पट्टी फेकली, हताशपणे रडली; आणि तिचे डोळे पुसत वहिनीच म्हणाली, “काऊन रडून राह्यली? होईल दुरुस्त. मी हाय ना!”

जुन्या काविळीचा विषाणू वहिनीच्या रक्तात वर्षानुवर्षं लपून होता. पोट दुखू लागलं, तेव्हा कुठे सोनोग्राफी झाली.

यामिनीनं सचिनदादाला सगळं सांगून टाकलं. “तिनं उभा जन्म घालवला तुह्यासाठी... अन् तू तिचंच रक्त खोटं ठरवलं?” एवढंच तो म्हणाला, आणि त्यानं बहिणीशी बोलणं टाकलं.

ऑपरेशन पार पडलं. चौथ्या दिवशी वहिनी शेजारच्या खाटेवरच्या बाईला क्षीण आवाजात सांगत होती, “आमच्या यामीनं मशीन बनोली. माह्यं दुखणं तिनंच पकडलं!”

यामिनीनं तिचे पाय धरले. “नाई वहिनी! मशीननं पकडलं होतं, मीच सोडून देल्लं! आता ते काम नको मले... माह्या हातांना तो अधिकारच नाई!”

“तुह्या दादानं सांगतलं मले सारं.” वहिनीनं तिच्या केसांतून हात फिरवला. “माह्या वहिनीले काही होऊच शकत नाई, असं वाटलं तुले. पण काम सोडशील, तर मी माफ नाई करणार. साऱ्याच बायांचं दुखणं वेळेवर थोडंच सापडते, पोरी...”

दाराशी सचिनदादा डबा घेऊन उभा होता. आत येऊन त्यानं ताट काढलं, आणि कितीतरी दिवसांनी बहिणीकडे पाहून तो म्हणाला, “यामी, उपाशी असशील. जेव आधी.”

पहिला घास तोंडाशी नेता नेताच यामिनी हुंदके देऊन रडू लागली...