हिरवा होईपर्यंत

"पपा, खरं खरं सांग. आयुष्यात एकदा तरी तू लाल सिग्नल असताना रस्ता ओलांडलायस का?"

प्रश्न फेन्याचा नव्हताच. आदल्या संध्याकाळी जहाजाच्या अकराव्या मजल्यावर, पोहण्याच्या तलावाकाठी, यूला आणि रोन्याने पैज लावली होती: तुझ्या त्या शिस्तखोर बापाला एवढं विचारून दाखवच. चार दिवसांपूर्वी कीलहून जहाज सुटलं तेव्हा फेन्या कुणाशी धड बोलतही नव्हती. आता तिला पैजा लावणाऱ्या दोन मैत्रिणी होत्या. माघार घेते कसली!

पपाने ब्रेडला लोणी लावणं थांबवलं.

"कधीच नाही."

"रस्ता रिकामा असला तरी?"

"तरी. आणि समोर लहान मूल असेल तर मुळीच नाही. मुलं आपल्याकडे बघून शिकतात."

"लग्नाच्या दिवशीसुद्धा नाही," ममा कॉफीत बघत म्हणाली. "चार मिनिटं पावसात उभी होते मी. पांढऱ्या झग्यात. का, तर समोर एक पोरगं सायकल घेऊन उभं!"

"गेझा, तू माझी थट्टा करतेयस."

"नाही रे एन्नो. मी अजून वाळतेय."

फेन्या इतकी हसली की शेजारच्या टेबलावरच्या आजोबांनी वळून पाहिलं.

जहाज पहाटेच रीगा बंदराला लागलं होतं. पपाने दिवसाचं वेळापत्रक घरूनच छापून आणलं होतं: आधी बाजार, मग कालव्याकाठची बाग, मग सेंट पीटर चर्चचा मनोरा. साडेचारला सगळ्यांनी जहाजावर परत. पाचला जहाज सुटणार, आणि ते कुणासाठीही थांबत नाही हे कर्ण्यावरून रोज तीनतीनदा बजावत. फेन्याचं मागणं एकच होतं: दोन वाजता मनोऱ्यावर. यूला-रोन्या तिथे येणार होत्या. तिघींचा फोटो वर्गाच्या ग्रुपवर पडला की वर्षभर तिला 'मुकी' म्हणणाऱ्यांची तोंडं बंद होणार होती.

धक्क्यावरून बाहेर पडलं की नदीकाठचा रुंद रस्ता लागतो. तिथे पहिला सिग्नल. लाल.

ऊन रणरणत होतं. पलीकडच्या फुटपाथवर पाच-सहा वर्षांची एक मुलगी उभी होती. पिवळा रेनकोट, टोपी डोक्यावर ओढलेली. उजवा हात सरळ वर उचललेला, मूठ मिटलेली. मोठ्या माणसाचा हात धरल्यावर मुलं उभी राहतात, तशी.

शेजारी मोठं माणूस मात्र नव्हतं.

"आई असेल तिची खांबामागे," ममा म्हणाली.

सिग्नल काही हिरवा होईना. दोन मिनिटं. पाच. रस्त्यावर एकही गाडी नव्हती.

"पपा, चल ना!"

"मूल बघतंय, फेन्या."

अकराव्या मिनिटाला हिरवा झाला. ते पलीकडे पोचले तेव्हा मुलगी नव्हती. फरशीवर, कडकडीत उन्हात, पाण्याचं तळहाताएवढं थारोळं तेवढं होतं.

बाजारात पपाने धुरी दिलेली ईल मासळी घेतली, ममाने जर्दाळू. बाहेर आले तर ट्रामच्या रुळांपाशी पुन्हा लाल. आणि पलीकडे पुन्हा पिवळा रेनकोट.

"हीच होती मघाशी," फेन्या म्हणाली.

"पिवळे रेनकोट हजार असतात."

"या उन्हात?"

पपा सिग्नलकडेच बघत राहिला. तीन ट्रामी गेल्या. चौथी गेली. मुलगी जागची हलली नाही. रेनकोटच्या कडेवरून पाणी ठिबकत होतं, टप, टप, आणि वर उचललेला हात जराही खाली आला नव्हता. एवढा वेळ हात वर धरून दाखवा बघू! फेन्याने स्वतः करून पाहिलं. दोन मिनिटांत खांदा भरून आला.

कालव्याच्या पुलाशी तिसऱ्यांदा तेच. या वेळी तेवीस मिनिटं. फेन्या रडकुंडीला आली. दोन वाजून गेले, अडीच झाले. "तुझ्या त्या नियमापायी माझा सगळा दिवस गेला!" ती ओरडली. "तिला दिसतंय तरी का काही? तिने टोपी डोळ्यांवर घेतलीय!"

"म्हणून काय झालं," पपा म्हणाला. पण त्याने कपाळ पुसलं, आणि ममा आज पहिल्यांदाच काही गमतीचं बोलली नाही.

मनोऱ्यावर पोचले तेव्हा तीन वाजले होते. वर वारा होता, गंजलेली लाल छपरं होती, खाली नदी आणि त्यांचं पांढरंशुभ्र जहाज. यूला-रोन्या गेल्या होत्या. फेन्याने कठड्यावरून खाली पाहिलं. चौकाचौकांत माणसं मुंग्यांसारखी हिंडत होती. मनोऱ्याच्या अगदी पायथ्याशी एक पिवळा ठिपका होता. तो हलत नव्हता.

तिने हे कुणाला सांगितलं नाही.

चार वाजून दहा मिनिटांनी ते पुन्हा नदीकाठच्या रस्त्याशी आले. समोर धक्का, धक्क्याला जहाज. मधे एक सिग्नल.

लाल.

पलीकडे, जहाजाच्या बाजूला, ती.

सव्वाचार. चार वीस.

"फेन्या!" मागून यूला आली, तिचे आईबाबा, भाऊ, सगळी वरात. "काय गं, आली नाहीस? चल, चल!" आणि ती सगळी आरामात रस्त्यात उतरली. अर्ध्यावर जाऊन यूला वळली. "अगं, उभी काय राहिलीस? हिरवा आहे ना!"

फेन्याने वर पाहिलं. सिग्नलमधला माणूस लालच.

तिने पपाकडे पाहिलं. त्यालाही लालच दिसत होता. ममालाही.

यूला पिवळ्या रेनकोटाच्या अगदी जवळून गेली. वाट वाकडी केली नाही, मान वळवली नाही.

चार पंचवीस. जहाजाने भोंगा दिला.

"एन्नो," ममा हळूच म्हणाली.

पपाने मासळीची पिशवी काखेत धरली. त्याने एकदा त्या मुलीकडे पाहिलं, आणि त्याचा चेहरा माफी मागताना होतो तसा झाला.

"धावा," तो म्हणाला. "धावा दोघी!"

आणि पपाने, एन्नो पपाने, लाल सिग्नलला रस्ता ओलांडला. त्याच्यामागे ममा. कुठूनशी एक गाडी करकचून थांबली. ती दोघं पलीकडे पोचली, धापा टाकत वळली.

पलीकडे आता ती दोघंच होती.

पिवळा रेनकोट नव्हता.

फेन्या अजून अलीकडेच होती. पळायला तिने पाऊल उचललं होतं. तेच तिने सावकाश परत फुटपाथवर ठेवलं.

तिच्या डाव्या हातात काहीतरी आलं होतं. लहान. ओलं. खूप गार. त्याने तिची दोन बोटं घट्ट धरली.

तिने खाली पाहिलं नाही.

"फेन्या!" ममा किंचाळली. "अगं ये ना!"

फेन्याला वाटलं होतं, आपण ओरडू. पण आवाज निघाला तो शांत, समजूतदार, अगदी पपासारखा.

"तुम्ही व्हा पुढे," ती म्हणाली. "लहान मूल आहे ना बरोबर. आम्ही दोघी हिरवा झाल्यावर येतो."