शेंगांवर मोजलेल्या खुर्च्या

जोखीम सांगून येत नाही

वरून कापड पडलं. लाल-पांढऱ्या पट्ट्यांचं, उन्हानं तापलेलं, कालच्या गुलाबपाण्याचा शिळा वास असलेलं मांडवाचं अख्खं कापड... आणि हिरा त्याच्याखाली गडप झाली.

"आरारा! कोण हाय आत?"

"मी."

"मी कोण?"

"नारायणगावहून आलेय. कुऱ्हाडेसाहेबांच्या ऑफिसातून." कापडाच्या आतून ती शक्य तितक्या गंभीरपणे म्हणाली, "तुमच्या धंद्यातली जोखीम समजावून सांगायला."

बाहेर कुणीतरी खदखदून हसलं.

"समजली की!"

कापडाचं एक टोक वर उचललं गेलं. उजेड आत आला आणि उजेडाबरोबर एक चेहरा. केसांत सुतळीचा तुकडा अडकलेला, दातांत दोरीचं टोक. दोरी तोंडातून काढायचं त्याला सुचेना, आणि त्याच्यावर रागवायचं तिला सुचेना. मागून येडगाव धरणाच्या पाण्यावरचा गार वारा आला आणि दोघांवरचं कापड शिडासारखं फुगलं.

हा जालिंदर. जालिंदर मंडप डेकोरेटर्स, येडगाव. पंचक्रोशीतल्या लग्नांचे मांडव घालणारा आणि स्वतः अजून बिनलग्नाचा. सन दोन हजार तीन. तुळशीचं लग्न नुकतंच उरकलं होतं आणि सराई तोंडावर आली होती.

आणि ही हिरा. घोडेगावची, बी.कॉम. झालेली. रोज सकाळी एसटीनं निघायचं, मंचरला गाडी बदलायची आणि नारायणगावात कर सल्लागार कुऱ्हाड्यांच्या ऑफिसात हजर व्हायचं. बुधवारी मात्र गावोगाव फिरायचं. धंदेवाल्यांना आणि त्यांच्या घरच्यांना सांगायचं, कर कसा भरावा, विमा कशाकशाचा असावा, घरच्या कर्त्या माणसाचं काही बरंवाईट झालं तर मागच्यांनी काय करावं. या शेवटच्या वाक्यापाशी बहुतेक घरांत तिला पाणी देऊन वाटेला लावत. दिवेलागणीच्या वेळी अभद्र बोलते म्हणून.

ही पहिलीच पार्टी, जिनं आधी जोखीम दाखवली आणि मग पाणी दिलं.

मोजू नये

"खुर्च्या किती आहेत, आण्णा?"

जालिंदरचे वडील, बिरदेव, ओट्यावर बसले होते. त्यांनी पागोटं सारखं केलं. "हायेत. बिरोबाची किरपा."

"हो, पण किती?"

"लई हायेत."

"विम्याला आकडा लागतो, आण्णा. अंदाजे सांगा."

"अंदाज बी न्हाई सांगत."

जालिंदर खांबाला टेकून गालात हसत होता. असं बऱ्याच विमेवाल्यांचं झालं होतं. बिरदेवांच्या वाडवडिलांनी मेंढरं राखली. कळप मोजायचा नसतो, मोजला की घटतो, ही त्यांची रीत. मेंढरं गेली, मांडवाचा धंदा आला, मेंढवाड्याच्या जागी पत्र्याची शेड उभी राहिली, पण रीत तिथंच बसून राहिली. आता ती खुर्च्यांना लागू होती.

हिरानं वही मिटली.

"आमचे आजोबाही नाही मोजायचे," ती म्हणाली. "मेंढरू वाड्यात शिरलं की ते पिशवीत एक शेंग टाकायचे. मग पिशवी वाण्याकडं द्यायचे. मोजणारा वाणी. आजोबांनी काही मोजलंच नाही."

बिरदेव पहिल्यांदाच तिच्याकडे नीट बघायला लागले. "कोन तुझा आज्जा?"

"हौशीराम. घोडेगावचे. आता नाहीत."

"हौशीरामाची नात व्हय तू! मंग आपल्यातलीच की!" आणि आत बघून, "अगं ए, शेंगा आन सुपात!"

जालिंदरची आई रतनबाई सूप भरून भुईमुगाच्या शेंगा घेऊन आली. जालिंदर शेडमधून खुर्च्या बाहेर काढी, हिरा एकेका खुर्चीमागं एकेक शेंग पिशवीत टाकी, आणि बिरदेव तोंड वळवून धरणाकडे बघत बसले, म्हणजे हे सगळं त्यांच्या डोळ्यांदेखत झालं असं व्हायला नको.

मध्येच हिराचा हात थांबला. पिशवी जालिंदरच्या पायाशी होती, आणि पायाशीच टरफलंही होती.

"ह्या खुर्च्या कुठं गेल्या?"

"कोणत्या?"

"ह्या." तिनं टरफल उचलून दाखवलं.

"खाल्ल्या." तो चोरासारखा हसला. "सकाळपासनं काही नव्हतं पोटात."

"खाल्लेल्या खुर्च्यांचा विमा उतरत नाही."

"मग पोटाचा उतरवा."

हसू दाबायला ती टरफलं गोळा करत खाली वाकली. दोन टरफलांमागं एक शेंग, असा हिशोब मनात जुळवताना तिला जाणवलं की आपला आकडा सारखा चुकतोय... आणि त्याला कारण टरफलं नाहीत.

काही बुधवारांमधले तुकडे

"जालिंदरभाऊ, डिझेलचे कॅन कापडाजवळ ठेवू नका म्हटलं होतं."

"भाऊ म्हणू नका म्हटलं होतं."

"मग काय म्हणू?"

"पार्टी म्हणा. तुमच्या ऑफिसात गिऱ्हाइकाला पार्टीच म्हणतात ना?"

"बरं. पार्टी, डिझेल उचला."

—

"मॅडम, तुमचा विमा आहे का?"

"नाही."

"राव, काय सांगता! दुसऱ्याला ब्रह्मज्ञान..."

"आणि तुम्ही दुसऱ्यांच्या दारात मांडव घालता, त्याचं काय?"

—

"एवढ्या लांबनं येता. दमत असाल."

"कामच आहे."

"आज काय काम होतं?"

"पॉलिसीचं."

"न्हाई, पॉलिसी तर गेल्याच बुधवारी झाली."

"तपासायला आले. डिझेल."

आपल्याच तोंडाने

पौषात थंडी अशी पडली की द्राक्षबागांतून सकाळी शेकोट्यांचा धूर करावा लागे. अशाच एका सकाळी हिरानं ओट्यावर चहा घेता घेता, कुऱ्हाडेसाहेबांनी सांगितल्याप्रमाणे, पुढचा सल्ला दिला.

"धंदा जालिंदर यांच्या नावावर आहे, त्याचा कर ते भरतात. पण कायद्यात कुटुंब ही वेगळी पार्टी धरतात. माणसाचं लग्न झालं की त्याचं स्वतःचं कुटुंब होतं, त्याची वेगळी फाईल निघते. मग काही कर वाचू शकतो..."

"शकतो" कुणाच्या कानात शिरलंच नाही.

"म्हंजी," बिरदेवांनी कप खाली ठेवला, "पोराचं लगीन झालं का टॅक्स वाचतो?"

"तसं अगदी..."

"आन हे वरीस कधी संपतं तुमचं?"

"एकतीस मार्चला. पण आण्णा..."

"अगं ए!" बिरदेव आत बघून गरजले. "त्या वतूरच्या पोरीवाल्या पावण्यांना निरोप धाड. मार्चच्या आत उरकायचंय. सरकारच म्हनतंय!"

रतनबाई हात पुसत बाहेर आली. तिला टॅक्समधलं काही कळत नव्हतं, पण कैक वर्षं जे नवऱ्याला पटवता आलं नव्हतं ते या पोरीनं एका कपात पटवलं होतं. तिनं हिरावरून हात ओवाळून आपल्या कानशिलांवर बोटं मोडली. "लई गुणाची गं बाय!"

हिरानं जालिंदरकडे बघितलं. तो तिच्याकडेच बघत होता. ती काहीतरी बोलेल म्हणून थांबला होता. आणि ती, जिच्याकडं सगळ्यांच्या जोखमीवर उत्तर होतं, ती कपातली साय बोटानं बाजूला करत राहिली.

"मॅडमनी सल्ला दिलाय," तो हळू म्हणाला. "विचार करूनच दिला असंल..."

आपण खणलेल्या विहिरीत आपणच पडलो, असं तिला एसटीत वाटलं. मंचरपर्यंत.

जे खरं होतं ते

ऑफिसातल्या जाड पुस्तकात तिनं ते कलम पुन्हा वाचलं. मग कुऱ्हाडेसाहेबांना विचारलं. साहेब चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, "छे! स्वतःच्या कमाईचा पैसा त्या फाईलमध्ये टाकला, तर त्याचं उत्पन्न फिरून त्याच्याच नावावर धरतात. वडिलोपार्जित इस्टेट असेल तर गोष्ट वेगळी. तुझ्या पार्टीकडं काय आहे वडिलोपार्जित?"

"काही नाही. मेंढरं होती, ती गेली."

"मग मार्चात लग्न केलं काय आणि जूनमध्ये केलं काय. पुढं कधी उपयोग होईल, आज नाही. सांगून टाक तसं."

सांगून टाक! साहेबांना काय जातंय.

सांगायचं म्हणजे लग्नाची घाई थांबणार. थांबली तर बरं कुणाला वाटणार? तिलाच. म्हणजे ती सल्ला देणार की डाव टाकणार? आणि नाही सांगितलं, तर एक मुलगी आणि एक मुलगा अर्धवट सल्ल्यावर बोहल्यावर चढणार. मांडव घरचाच.

तिनं येडगावच्या फेऱ्या बंद केल्या. बुधवारी दुसरी गावं घेतली. वारूळवाडीला एका ट्रॅक्टरवाल्याला बायकोच्या नावाने पॉलिसी समजावताना तिनं चुकून "जालिंदर" लिहिलं आणि पान फाडलं.

रविवारी ओतूरला मुलगी बघायला जायचं ठरलंय, असं तिला नारायणगावच्या बाजारात रतनबाईकडूनच कळलं. "तू बी चल की गं. तुज्यामुळंच जमतंय."

शनिवार

शनिवारी हिरा येडगावला गेली. बुधवार नव्हता, म्हणून कुत्रंसुद्धा भुंकलं.

बिरदेव ओट्यावर होते. रतनबाई सुपात शेंगा निवडत होती. जालिंदर शिडीवर चढून पत्र्याखाली दोर ताणत होता. तिला बघून त्याचा हात थांबला, पण तो खाली आला नाही.

"बस, पोरी. पानी आनू?"

"नको. आधी बोलते." ती ओट्यापुढं उभीच राहिली. "आण्णा, मी अर्धं सांगितलं होतं. लग्न झालं तरी या धंद्यावरचा कर आत्ता वाचत नाही. मार्चची घाई करायचं काहीच कारण नाही. चूक माझी. तेव्हाच पुरतं सांगायला हवं होतं."

बिरदेवांनी भुवया उंचावल्या. "बरं."

"अजून आहे." तिचा आवाज बारीक झाला. "हे मी सांगतेय म्हणून खरं धरू नका. कुऱ्हाडेसाहेबांना विचारा, नाहीतर जुन्नरला दुसऱ्या कुणा सल्लागाराकडं जा. सल्ला देणाऱ्याचा ज्यात स्वतःचा... स्वतःचा स्वार्थ असेल, त्यानं तो आधी सांगावा लागतो. नियम आहे तसा."

शिडी कुरकुरली.

"कसला स्वार्थ?" वरून आवाज आला.

"आहे."

"पार्टीला कळायला नको?"

"पार्टीला कळलाय." हिराचे कान लालेलाल झाले होते. "पार्टी मुद्दाम विचारतेय."

रतनबाईच्या हातातली शेंग हातातच राहिली. तिनं आधी पोरीकडं पाहिलं, मग शिडीकडं, मग कपाळावर हात मारला. "आत्ता गं बया! आन मी हिलाच वतूरला चल म्हनलं!"

जालिंदर शिडीवरून उतरला. निम्म्यात उडीच मारली म्हणा ना.

"ओतूरला काल मी एसटीडी बूथवरनं फोन केला," तो म्हणाला. "मुलीच्या भावाला सांगितलं, येणार नाही, माझं मन दुसरीकडं आहे, तुमच्या बहिणीला फसवायचं नाही. तो म्हणाला, बरं झालं वेळेत सांगितलं."

"काल?" हिरा बघतच राहिली. "मग मी आज उगाच...?"

"उगाच कसं! टॅक्सचं मला कुठं माहीत होतं?"

हसू आलं का रडू ते तिचं तिलाच कळेना. ओढणी तोंडाशी धरून ती ओट्याच्या पायरीवर बसलीच. पाण्यावरून वारा आला. शेडमधल्या कापडाच्या घड्या सळसळल्या.

बिरदेव मात्र धरणाकडे बघत होते. जालिंदर त्यांच्याकडे बघत होता, त्याच्या हातातली दोरी पार पिळवटली होती.

"आमी मोजत न्हाई," म्हातारा अखेर म्हणाला. "ठावं हाय ना तुला?"

"हो, आण्णा."

"पर मेंढरं वाड्यात शिरली का आमाला कळतं. आकडा न्हाई कळत. कोन न्हाई, ते कळतं." त्यांनी पागोटं काढून मांडीवर ठेवलं. "ह्या म्हैन्यात बुधवार आला का घर खायला उठायचं. हिला म्हनायचो, आज घरात कायतरी कमी हाय गं. ही म्हनायची, सगळी हायेत की. मी म्हनायचो, न्हाई. एक न्हाई."

रतनबाईनं डोळ्याला पदर लावला.

बिरदेवांनी सुपात हात घातला. चाचपून एक शेंग निवडली, भरलेली, जोडदाण्याची. ती हिराच्या तळहातावर ठेवली आणि लगेच तोंड धरणाकडे फिरवलं. म्हणजे त्यांनी काही मोजलं, असं व्हायला नको.

हिरानं शेंग फोडली. एक दाणा जालिंदरच्या हातावर ठेवला. दुसरा स्वतः खाल्ला.

टरफल तिनं ओट्यावरच्या मोजणीच्या पिशवीत टाकलं. हिशोबाला.