काचेतलं ऊन

बाबांच्या पुस्तकात एकच फोटो राहिला होता. पान सत्तेचाळीस: खिंडीखालची दरी, स्वच्छ उन्हात. त्यासाठी ते तीन वर्षं वर जात राहिले आणि तिन्ही वर्षं नुसतं धुकं पाहून परतले. मग फुप्फुसांनी साथ सोडली. छपाईला आठवडा उरला तेव्हा त्यांचा लाकडी कॅमेरा घेऊन मी निघाले.

"पान कोरं सोडू," दादा म्हणाला होता. "खाली 'धुकं' असं छापू. बाबाच हसले असते."

मला हसू आलं नाही. त्यांचं पुस्तक अपुरं राहू नये, एवढंच मला हवं होतं.

खिंडीजवळच्या निवाऱ्याचा रखवालदार माझ्याबरोबर कॅमेऱ्याची तिवई घेऊन आला. "इथल्या हवेचा भरवसा नाही, ताई. आमच्या मेव्हण्यासारखी आहे. बोलावलं तर फिरकत नाही, आणि दार लावलं की हजर." बाबांची जागा त्याला नेमकी ठाऊक होती. तिवई रोवून त्याने बजावलं, "याच्यापुढे पाऊल टाकू नका. खालून येणारी पायवाट यंदा दरडीबरोबर गेली." मग तो मागच्या खडकाच्या आडोशाला जाऊन बसला.

सकाळचे दहा वाजले होते. धुकं इतकं दाट की तिवईचा पुढचा पाय दिसेना. ओल्या दगडांचा वास येत होता. करायला दुसरं काही नव्हतं, म्हणून मी काळं कापड डोक्यावर घेतलं आणि कॅमेऱ्याच्या मागच्या काचेत पाहिलं.

काचेत ऊन होतं.

अशा कॅमेऱ्यात दृश्य उलटं दिसतं, आकाश खाली आणि जमीन वर. दरी तशीच उलटी, पण लख्ख होती. मी डोकं बाहेर काढलं. धुकं. पुन्हा आत. ऊन. भिंगावर हात धरला तेव्हा काच काळी झाली. म्हणजे उजेड समोरूनच येत होता.

"दिसतंय का काही, ताई?"

"धुकंच आहे," मी म्हणाले. खोटं का बोलले, सांगता येत नाही.

काचेत पायवाट अखंड होती. तिच्यावरून कुणीतरी चढत होतं, डोकं खाली, पाय वर. दहा पावलं, मग कमरेवर हात ठेवून थांबणं. पुन्हा दहा पावलं. शेवटच्या वर्षी बाबा घराचा जिना असा चढत.

फोटो काढायचा तर आधी भिंगाचा पडदा मिटून काचेपुढे फिल्मची चौकट सरकवावी लागते. मग काचेत काहीच दिसत नाही. चौकट माझ्या हातात होती. सरकवली असती तर पान सत्तेचाळीस पुरं झालं असतं. पण ते दिसायचे थांबले असते.

मी चौकट पिशवीत ठेवली.

ते जवळ आले. त्यांनी तिवई उघडली, तिच्यावर कॅमेरा बसवला, तोंड माझ्याकडे. मग काळं कापड डोक्यावर घेतलं. थोड्या वेळाने कापडाखालून त्यांचा तळहात बाहेर आला. हा इशारा मला लहानपणापासून माहीत होता. हलू नकोस.

मी माझं कापड बाजूला केलं आणि धुक्याकडे तोंड करून उभी राहिले.

समोर, दहा हातांवर, खटका वाजला.

किती वेळ गेला कोण जाणे. रखवालदाराने मागून हाक मारली.

"झाला ना फोटो? खटका ऐकला मी."

"किती वेळा ऐकलात?"

"एकदाच. का हो?"

धुक्यातल्या माणसाचा फोटो घ्यायचा तर पडदा बराच वेळ उघडा ठेवावा लागतो. तेव्हा खटके दोन होतात, उघडताना एक, मिटताना एक.

पुस्तक छापून आलं. पान सत्तेचाळीस कोरं आहे. दुसरा खटका मी अजून ऐकलेला नाही.