समोरचं दार

आमच्या मजल्यावर दोनच दारं. एक आमचं, एक समोरचं. समोरच्यांनी घर विकायला काढलंय, गिऱ्हाईक मिळत नाही, त्यामुळे दाराला कायम कुलूप. मला ते बरंच वाटायचं. आईची किडनी बदललेली, नवी किडनी शरीराने नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती औषधांनी मुद्दाम दाबून ठेवलेली. दुसऱ्याचा साधा ताप तिच्या जिवावर बेतला असता. शेजार नाही, म्हणजे खोकणारं एक घर कमी.

मी प्रयोगशाळेत प्रथिनं घडवते. विषाणूला पेशीत शिरायचं तर पेशीवरचं एक ठरावीक प्रथिन धरावं लागतं; तेच त्याचं दार. आम्ही त्या दाराची नक्कल बनवली आणि नाकात सोडायच्या थेंबांत घातली. विषाणू नकलेलाच चिकटून बसतो, खऱ्या दारापर्यंत पोचत नाही. नकलेची पकड वाढवणं हे माझं काम. ती मी इतकी वाढवली की साहेब म्हणाले, "बाई, हा बिचारा सुटायचा कधी?" थेंबांच्या चाचणीत आईचं नाव रीतसर लागलं, तेव्हा मी सगळ्यांना चहा पाजला.

थेंब सुरू झाले आणि पुढच्याच आठवड्यात नर्सबाई रक्त घ्यायला आल्या. आल्या त्या समोरच्या दाराची बेल दाबत उभ्या राहिल्या. वर्षभर आमच्याकडे येणारी बाई! मी हाक मारली तशा दचकल्या. "अगंबाई, डोकं ठिकाणावर नाही आज," म्हणाल्या, आणि अंग मोडून आलंय म्हणून तशाच परतल्या. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. ज्या विषाणूसाठी आमचे थेंब, त्याचाच संसर्ग त्यांना झाला होता.

मग मावशी. आईची सख्खी बहीण, आमच्या घरात निम्मं आयुष्य काढलेली. तीही तिकडेच, कुलूप मुठीत धरून उभी.

"मावशी, इकडे."

ती वळली, पण मूठ सोडवायला तिला जरा वेळ लागला. "आत ताई बोलत होती गं," ती म्हणाली. मी तिला बाहेरूनच घरी पाठवलं. तिचाही रिपोर्ट तसाच आला.

दूधवाला, प्लंबर, धडधाकट माणसं मात्र सरळ आमच्या दारी येत. योगायोग, म्हटलं. दोन नोंदींवरून निष्कर्ष काढणाऱ्यांना मी एरवी चांगलंच झापते. पण खरं सांगायचं तर मनातून मला आनंद झाला होता, आणि त्या आनंदाचीच धास्ती वाटत होती. आईला यातलं काही बोलले नाही.

काल दुपारी जेवायला घरी आले. जिना चढताना घसा खवखवायला लागला. मी मास्क नीट चढवला. दार नुसतं लोटलेलं होतं.

आई पलंगावर उशीला टेकून बसली होती. "आलीस का गं?"

"आले. पण जवळ येत नाही. घसा धरलाय."

"काही होत नाही. ये."

वर्षभर मी तिला जवळ घेतलं नव्हतं. कुणी शिंकलं तरी ती हातानेच लांब हो म्हणायची. आता तिने तोच हात पुढे केला. मला राहवलं नाही. मी तो धरला.

हात गार होता.

पलंगावर ऊन पडलं होतं. आईच्या खोलीत ऊन सकाळी येतं, दुपारी कधीच नाही.

तेवढ्यात बाहेर, जिन्यापलीकडे, दार उघडल्याचा आवाज आला. मग आईचा आवाज, जरासा वैतागलेला. "कुठे राहिली ही? जेवण गार झालं."

मी हात ओढला. निघाला नाही.

एक हाक मारली असती तरी ती धावत आली असती. माझ्याजवळ. या खवखवत्या घशाजवळ.

मी तोंड घट्ट मिटून बसून राहिले.

आई थोडा वेळ थांबली. मग आमचं दार लागलं, आणि तिने आतून कडी घातली.